१० मीटर एअर रायफलचे छर्रे आणि हवा : गोव्याच्या पावसाळ्यासह वापरानंतरचा अनुभव

परदेशांतले हौशी रायफलधारी रिकामी पितळी टरफले पुन्हा भरतात, त्यांची मान आवळून किंवा खांदा बदलून केवळ आपल्या बंदुकीपुरते वेगळे काडतूस घडवतात आणि त्यात वर्षानुवर्षे रमतात. आपल्याकडे शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे काडतुसांच्या निर्मितीलाच परवाना लागतो, त्यामुळे सामान्य नेमबाजाला ती वाट बंद आहे. जो कोणी आपल्या माऱ्याच्या साहित्यात स्वतः लक्ष घालू इच्छितो, त्याच्या हाती उरतात दोनच गोष्टी : एअर रायफलचा छर्रा आणि त्याला ढकलणारी हवा. शस्त्र नियम, २०१६ मध्ये परवान्याविना एअर रायफल बाळगण्याची मर्यादा ४.५ मिलिमीटर व्यास आणि २० ज्यूल ऊर्जा अशी आहे. स्पर्धेची रायफल ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने सोडते, म्हणजे ऊर्जा आठ ज्यूलच्याही आतच राहते. गेल्या हिवाळ्यापासून यंदाच्या चवथीपर्यंत फोंड्यात राहून मी या दोन गोष्टींवर जी मेहनत घेतली, तिच्यातली कोणती कामी आली आणि कोणती नाही, ते येथे लिहीत आहे.

आधी छर्रा. स्पर्धेच्या छर्र्याचे डोके सपाट असते, कंबर बारीक असते आणि मागचा घेर पातळ व पोकळ असतो. हवेचा दाब आला की तो घेर फुगून नळीतल्या आट्यांना, म्हणजे आतल्या पीळदार खाचांना, घट्ट चिकटतो. डोके मात्र फुगत नाही, ते जेवढ्या मापाचे असेल तेवढेच राहते. म्हणून डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ अशी डोक्याची मापे छापलेली असतात आणि सगळ्यात जास्त फरक त्यांनीच पडतो, असा माझा अनुभव आहे. रायफल बाकावर पकडीत घट्ट बसवून, एकाच कागदावर दहा-दहा छर्रे मारून मी आरडब्ल्यूएस आर-१० आणि एच अँड एन फिनाले मॅच हे दोन प्रकार पुन्हा पुन्हा तपासले. माझ्या नळीत ४.५० चे दहाही छर्रे साडेपाच मिलिमीटरच्या एकाच भोकात जात राहिले, तर ४.४९ चे भोक कडेने उसवल्यासारखे वाढले. दुसऱ्या नळीत याच्या नेमके उलट होऊ शकते, तेव्हा माझे माप कोणी डोळे मिटून उचलू नये. दोन कारखान्यांचे ४.५० अगदी एकच असते असेही धरून चालू नये. या दोन नावांमधला फरक मला जेवढा दिसला, त्याहून मोठा फरक एकाच नावाच्या दोन निरनिराळ्या खेपांमध्ये दिसला, आणि दुकानात नावावरून वाद घालणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी असे मला वाटते.

वजनाने छर्रे निवडण्याचा उद्योगही मी मन लावून केला. सोनारी काट्यावर एकेक छर्रा ठेवून वेगळा काढणे हे मन शांत करणारे काम असले, तरी हिशेब त्याच्या बाजूने उभा राहत नाही. दहा मीटर जाईपर्यंत छर्रा साधारण १७ मिलिमीटर खाली येतो. वजन एक टक्क्याने वाढले तर वेग सुमारे अर्ध्या टक्क्याने घटतो आणि छर्रा आणखी ०.१७ मिलिमीटर खाली लागतो. निशाण्यावर गुणाचा एक दशांश म्हणजे पाव मिलिमीटर, त्यामुळे एवढ्या कष्टातून हाती येणारा लाभ एका दशांशाच्याही आतला असतो. शिवाय छर्र्याची चूक आणि हाताची थरथर यांची साधी बेरीज होत नाही, त्यांच्या वर्गांची बेरीज होते. ज्याचा हात तीन मिलिमीटर हलतो, त्याच्या निकालात छर्र्याचा अर्धा मिलिमीटर जवळजवळ बुडून जातो. म्हणून वजनकाटा मी आता बाजूला ठेवला आहे. घेर चेपलेले छर्रे मात्र डोळ्यांनी पाहून अजूनही काढून टाकतो, कारण वाकडा घेर नळीच्या तोंडातून सुटताना छर्र्याला एका बाजूने ढकलतो, आणि तो दोष वजनात दिसतच नाही.

गोव्यात खरी लढाई दमटपणाशी आहे. जूनपासून घरातल्या कपड्यांना, चपलांना आणि पुस्तकांना बुरशी धरते, हे येथे कोणाला सांगायला नको. पण शिसेही त्यातून सुटत नाही, हे अनेकांना माहीत नसते. नुसत्या ओलाव्याने शिसे काळवंडते आणि तेवढ्यावरच थांबते. लाकडातून, विशेषतः नव्या प्लायवूडमधून, अॅसेटिक आम्लाची वाफ सुटत असते. ती ओलाव्यासोबत आली की शिशावर पांढरी भुकटी चढू लागते आणि चढतच राहते. मी मुद्दाम एकाच खेपेचे दोन डबे घेतले, एक प्लायवूडच्या कपाटात ठेवला आणि दुसरा झाकण घट्ट बसणाऱ्या स्टीलच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह बंद केला. आषाढ सरेपर्यंत कपाटातल्या छर्र्यांच्या घेरावर पांढरी पूड दिसू लागली होती, स्टीलच्या डब्यातले छर्रे होते तसेच चकचकीत होते. पूड धरलेले छर्रे पुसून वापरण्याचा मोह टाळावा, कारण ती पूड विषारी असते आणि हाताला लगेच लागते. सिलिका जेलचा रंग बदलला की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येते, फक्त त्यासाठी स्वयंपाकाची कढई घेऊ नये.

आता हवा. ती दाबाने रायफलच्या सिलिंडरमध्ये भरावी लागते, आणि त्यासाठी मी आधी हातपंपावर समाधानी होतो. उन्हाळ्यात तो घाम काढतो, पण चालतो. पावसाळ्यात तो पाणी भरतो. कारण सोपे आहे : ठरावीक तापमानाला एका लिटर जागेत जेवढी वाफ मावते तेवढीच मावते, दाब १ बार (म्हणजे साधारण बाहेरच्या हवेइतका) असो वा २००. पाव लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने सुमारे ५० लिटर बाहेरची हवा कोंबली जाते, आणि ३० अंशांच्या, ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेत तेवढ्यातच एक ग्रॅमहून अधिक पाणी असते. त्यातले काही पंपाच्या गाळणीत अडते, उरलेले सिलिंडरच्या आत आणि झडपेपाशी जाऊन बसते.

यावरचा उपाय गोव्यात जेवढा सहज मिळतो तेवढा सह्याद्रीपलीकडे क्वचितच मिळेल. पाणबुडे जी हवा श्वासासाठी वापरतात ती गाळलेली आणि कोरडी असते, आणि पर्यटकांना समुद्राखाली नेणाऱ्या मंडळींकडे ती भरण्याचे यंत्र असतेच. त्यांच्या ११ लिटरच्या अॅल्युमिनियमच्या सिलिंडरमधून, योग्य जोडणी वापरून, रायफलचा सिलिंडर भरता येतो. दर वेळी १०० बार भरले तर मोठ्या सिलिंडरचा दाब दोन-सव्वादोन बारनेच उतरतो. मात्र तो उतरत गेला तसतसा रायफलचा सिलिंडरही पूर्ण २०० बारपर्यंत भरेनासा होतो. रायफलमधला नियामक आत दाब कमी-जास्त असला तरी वेग सारखा ठेवतो, म्हणून १७० बारवरही सराव बिनदिक्कत होतो. भरताना झडप अगदी हळू उघडावी, नाहीतर सिलिंडर तापतो आणि थंड झाल्यावर काटा खाली येतो. वेल्डिंगच्या दुकानातला ऑक्सिजन कोणी कितीही आग्रहाने देऊ केला तरी घेऊ नये, दाबाखालचा ऑक्सिजन आणि वंगण एकत्र आले की स्फोट होतो. सिलिंडरवर कोरलेली मुदतही पाहत जावी; मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि ती पाहणे ही खेळाडूचीच जबाबदारी मानली जाते.

नळीच्या सफाईबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पावसाळ्यात सरावानंतर नमद्याच्या दोन-तीन गोळ्या, त्यांतली एक तेलाचा थेंब लावलेली, एवढे पुरते. त्यानंतरचे पहिले काही छर्रे भलतीकडे जातात, ते मोजणीत धरू नयेत. सराव संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय चहाचा कप उचलू नये.

पुढची खरेदी पावसाळा ओसरल्यावर करणार आहे. आधी वेगवेगळ्या खेपांचा एकेक डबा मागवून पकडीतून तपासायचा आणि जी खेप सरस ठरेल तिचेच डबे वर्षभर पुरतील एवढे एकदम घ्यायचे, असा बेत आहे. दुकानदाराला डब्यावरचा खेप क्रमांक आधी विचारला तर तो थोडा वैतागतो, पण सांगतो.