फाकारावाची दक्षिण खिंड: पॅकेज नंतर, आधी प्रवाहाची वेळ

फ्रेंच पॉलिनेशियातल्या फाकारावा प्रवाळबेटाची दक्षिण खिंड (बाहेरचा समुद्र आणि प्रवाळरांगेच्या आतलं शांत पाणी, म्हणजे लगून, यांना जोडणारी वाट) ‘शार्कची भिंत’ या नावाने विकली जाते, आणि जाहिरातीत अतिशयोक्ती नाही. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इथे तब्बल 700 ग्रे रीफ शार्क नोंदवले गेले. मात्र ही भिंत प्रवाहावर अवलंबून असते, हे बुकिंग घेणारे क्वचितच सांगतात.

शार्कला इतर बहुतेक माशांसारखा हवेचा फुगा नसतो, पोहणं थांबलं की तो खाली जातो. समुद्राचं पाणी खिंडीत शिरताना तळाच्या चढावर आदळून वर उसळतं. त्या उसळीत राहिलं की पोहण्याची 10 ते 15 टक्के ऊर्जा वाचते, असा 2021 मधल्या अभ्यासाचा अंदाज आहे. म्हणून सगळे तोंड प्रवाहाकडे करून तिथेच तरंगतात. मागे ढकलला गेलेला शार्क वळसा घालून पुन्हा पुढे येतो, विमानतळावरच्या सामानाच्या पट्ट्यासारखं हे चक्र चालू असतं. डाईव्हची खरी गंमत हे चक्र बघण्यात आहे, पण उतरण्याआधीच्या ब्रीफिंगमध्ये त्यावर एक वाक्यही येत नाही. तिथे अर्धा तारा कमी.

मग हा नुसता जागेमुळे जमलेला घोळका, की ओळखीपाळखीचा कळप? पॅसिफिकमधल्याच पाल्मिरा बेटाजवळ याच जातीच्या 41 शार्कना टॅग लावून 4 वर्षं माग काढला, तेव्हा काही जोड्या वर्षानुवर्षं सोबत राहिलेल्या दिसल्या. म्हणजे दोन्ही गोष्टी असू शकतात. रात्रीच्या शिकारीत मात्र सहकार्य वगैरे शोधू नये. व्हाइटटिप शार्क फटीत घुसून मासा हुसकावतो आणि बाहेर टपलेला ग्रे रीफ तो पळवतो. सरळ चोरी आहे ती.

आता डाईव्ह. बोट खिंडीच्या समुद्राकडच्या तोंडाशी सोडते, 25–28 मीटरवर उतरून खडकाच्या आडोशाला थांबायचं, मग प्रवाहासोबत आत वाहत टेतामानू गावाजवळच्या उथळ पाण्यात वर यायचं. पाणी आत येत असतानाच ही डाईव्ह करावी. तेव्हा समुद्राचं स्वच्छ पाणी असतं, आणि बाहेर पडायची जागा चुकली तरी माणूस लगूनमध्येच जातो, बोट उचलून घेते. पाणी बाहेर वाहताना गढूळपणा वाढतो आणि प्रवाह उघड्या समुद्राकडे नेतो. इथली मेख अशी की दक्षिणेकडून मोठ्या लाटा प्रवाळरांगेवरून लगूनमध्ये पाणी भरत असतील तर भरती चालू असूनही खिंडीतून पाणी बाहेरच वाहत राहतं. म्हणून भरतीचं कोष्टक मोबाइलवर बघून वाद घालू नका, सकाळी खिंड बघून आलेल्या गाइडला विचारा.

याच कारणाने उत्तरेच्या रोटोआवा गावाहून होणारी दिवसाची सहल आम्ही सुचवणार नाही. एका बाजूचा बोटप्रवास दीड-दोन तासांचा. परतीची वेळ बोटीच्या सोयीने ठरते, प्रवाहाच्या नाही. टेतामानूला निदान दोन रात्री राहा. रोख पॅसिफिक फ्रँक सोबत ठेवा, तिथे एटीएम नाही.

हवेचा हिशोब आधीच करा. 28 मीटरवर दाब 3.8 पट असतो. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर लागणाऱ्याला तिथे 76 लिटर लागतात, म्हणजे 12 लिटरच्या टाकीतली वापरायची 150 बार दाबाची हवा जेमतेम 24 मिनिटांत संपते. साध्या हवेवर तिथे बिनाथांब्याची मर्यादा (वर येताना वाटेत सक्तीचा थांबा घ्यावा लागू नये इतका वेळ) साधारण 20 मिनिटं, 32 टक्के ऑक्सिजनच्या नायट्रॉक्स मिश्रणावर 30 च्या आसपास. तारकर्लीला नुकताच ओपन वॉटर हा पहिला कोर्स केलेल्यांनी थेट इथे उडी घेऊ नये. आधी पुढचा अॅडव्हान्स्ड कोर्स करा आणि प्रवाहातल्या काही डाईव्ह पदरी पाडा.

बहुतेकांचं बिघडतं ते फोटोच्या नादात. शार्कच्या दिशेने पोहलात की कळप फाटतो आणि आडोसा सुटला की प्रवाह तुम्हाला उचलतो. मेलेल्या खडकाला एका हाताने धरून गप्प राहिलं तर तेच शार्क आपणहून पाच-सहा मीटरवर येतात. फ्लॅश दोन मीटरपुढे निरुपयोगी, उलट पाण्यातले कण तेवढे चमकतात. तो बंद ठेवून वाइड लेन्स आणि आयएसओ 400–800 वापरा. एखाद्या शार्कने पाठीला बाक देऊन छातीचे पर खाली पाडले आणि अंगाला झोले देत पोहू लागला, तर तो धमकी देतो आहे. त्याची वाट मोकळी करून, नजर न काढता हळू मागे सरा.

जून-जुलैच्या पौर्णिमेला इथे सुमारे 17,000 ग्रुपर मासे अंडी घालायला जमतात आणि शार्कची गर्दीही तेव्हाच वाढते. त्या आठवड्याच्या जागा लवकर भरतात, तेव्हा आधी पौर्णिमेची तारीख बघा, मग विमान. परतीचं उड्डाण शेवटच्या डाईव्हनंतर किमान 18 तासांनी ठेवा. बोटीत घालवलेला वेळही त्यात धरता येतो.

टेतामानूला राहून केलेल्या डाईव्हला पाचपैकी साडेचार, रोटोआवाहून केलेल्या सहलीला अडीच.