‘बारा वर्षांचा यू’ घेण्याआधी मॉस उचलून बघा

पुण्यात ‘जॅपनीज यू, प्री-बोन्साय’ (यू म्हणजे थंड हवेतलं सूचिपर्णी झाड, प्री-बोन्साय म्हणजे पुढे बोन्साय करण्यासाठी वाढवलेलं रोप) म्हणून कोणी रोप गळ्यात मारत असेल तर जरा थांबा. मी असंच एक ६५०० रुपयांना घेतलं. ‘बारा वर्षांचं आहे ताई, खोड बघा ना!’ खोड होतंही मनगटाएवढं. उथळ ट्रे, वर हिरवंगार मॉस, बारीक खडी.

घरी पाणी घातलं की मुरायचंच नाही, कडेवरून वाहून जायचं. मॉस उचलायला गेले तर खडीची अख्खी खपली हातात आली. गोंदाने चिकटवलेली! खाली कोकोपीट, आणि त्यात तीन कोवळी कटिंग्ज तारेने आवळून, वरून काथ्या नि मॉस गुंडाळून केलेलं ते ‘खोड’. एकीच्या सालीत तार पार रुतलेली. मुळं जेमतेम, तीही एकाच बाजूला.

आणि यू तर नव्हताच. यूचं पान मऊ, दोन-तीन सेंटीमीटरचं. याची पानं बोटभर लांब, चिवट, मधली शीर ठसठशीत. म्हणजे साधा पोडोकार्पस, यूसारखं दिसणारं बागेतलं झाड. तो वाईट नाही हं, उलट आपल्या हवेत तोच टिकतो. हिमालयातला यू, म्हणजे गढवालचा थुनेर, उंचावरच्या थंडीत वाढणारा. पुण्याच्या एप्रिलमध्ये त्याचं काय होणार? पण पोडोकार्पसची कटिंग्ज नर्सरीत दीडशे-दोनशेला मिळतात.

विक्रेत्याला फोटो पाठवले तर म्हणे, ‘रोपं जोडून खोड करतात, पद्धतच आहे ती.’ आहे ना, पण ती एकजीव व्हायला वर्षं जातात, आणि गिऱ्हाईकाला तसं सांगून विकतात. मग ‘बदलून देतो’ झालं, मग नंबर ब्लॉक.

तेव्हा मॉस त्याच्यासमोरच बाजूला करा. नाही म्हणाला तर चालू लागा. बुंधा मातीत शिरताना रुंदावतोय का, मुळं चहूकडे पसरलीत का, हे आधी. फांद्या खालपासून हव्यात, आणि छाटलेल्या जागी जुन्या लाकडावर कोंब दिसले तर उत्तम. नुसत्या जाडीला पैसे मोजू नका; जाडी मोठ्या कुंडीत किंवा जमिनीत वाढवता येते, ट्रेमध्ये नाही.

पावतीवर झाडाचं नाव आणि वय लिहून घ्याच. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर मी तक्रार केली आहे, पण माझ्या पावतीवर नुसतं ‘प्लांट, १ नग’ एवढंच आहे.