अनसबस्क्राइब की स्पॅम?

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एखाद्या हळदीच्या पेढीचा इनबॉक्स उघडून बघा. वर कर्जाची ऑफर, खाली साड्यांचा सेल आणि मधे कुठेतरी परगावच्या गिऱ्हाइकाची खरी ऑर्डर दडलेली. कचरा काढायला दोन बटणं आहेत, पाठवणाऱ्याच्या यादीतून आपलं नाव काढणारं अनसबस्क्राइब आणि मेल नकोशा मेलच्या फोल्डरमध्ये टाकणारं स्पॅम, पण बरेच जण दिसेल ते दाबून मोकळे होतात.

ज्यांना आपणच पत्ता दिला, म्हणजे दुकान, विमा कंपनी, तिकिटांचं अ‍ॅप, त्यांच्यासाठी अनसबस्क्राइब. जीमेलच्या २०२४ च्या नियमांनुसार दिवसाला ५,००० हून जास्त मेल धाडणाऱ्यांना जाहिरातींच्या मेलमध्ये एका क्लिकची ही सोय द्यावी लागते. बटण बहुधा पाठवणाऱ्याच्या नावाशेजारीच असतं.

अनोळखी मेलचं गणित वेगळं. ‘आपला पार्सल अडकला आहे’ असल्या अशुद्ध मराठीतल्या मेलच्या तळाची अनसबस्क्राइब लिंक दाबलीत, की हा पत्ता चालू आहे, कुणीतरी वाचतंय, एवढं समोरच्याला आयतं कळतं. तिथे सरळ स्पॅम. नकोसे मेल गाळणारा फिल्टरही त्यातून शिकतो आणि ३० दिवसांनी जीमेल तो मेल कायमचा पुसतो.

मात्र बँकेच्या जाहिरातीला वैतागून स्पॅम ठोकू नका. उद्या स्टेटमेंटही त्याच खड्ड्यात जाईल. माझा कल अनसबस्क्राइबकडेच. पाच मिनिटांचं कंटाळवाणं काम आहे, पण मार्चअखेरच्या गडबडीत हवं ते बिल पटकन सापडतं. स्पॅमच्या फोल्डरमध्ये मात्र आठवड्यातून एकदा डोकवा, एखादी ऑर्डर तिथे पडलेली असते.