गटकाम: थेट मीटवर की सामाईक डॉकमध्ये?

आमच्या दूरशिक्षणाच्या गटात पाच जण. इचलकरंजीचे दादा यंत्रमागावर रात्रपाळी करतात, चंदगडच्या ताईंकडे पावसाळ्यात रेंज टिकत नाही, मी कोल्हापुरात राजारामपुरीत. गूगल मीटवर ओळख पटकन होते, वाद तिथल्या तिथे मिटतो. पण फुकटातली बैठक ६० मिनिटांत संपते आणि बोलतात ते ज्यांचं नेट चांगलं तेच दोघं. डॉकचं, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायच्या ऑनलाइन फाइलचं, काम सावकाश चालतं, तरी माझं मत त्यालाच. ताईंनी पहाटे धारा काढून झाल्यावर त्यात लिहिलं, ‘ऊसतोड मजुरांच्या मुलांची शाळा हंगामात सुटते, हे राहिलंय.’ मीटवर त्या कधी बोलल्याच नव्हत्या! शिवाय कुणी काय लिहिलं ते व्हर्जन हिस्टरीत, म्हणजे फाइलमधल्या बदलांच्या नोंदीत, दिसतं, कुणाचे कष्ट बुडत नाहीत. मीट ठेवा पहिल्या दिवशी, ओळखीला आणि कामं वाटून घ्यायला.