‘इकाओ प्रमाणित’ प्रशिक्षणाच्या नावाखाली आमच्या विमानतळाला घातलेला गंडा

विमानतळाच्या अग्निशमन दलाला प्रशिक्षण देतो, सुरक्षेचा अहवालही करून देतो, असं सांगत कुणी तुमच्या दारात आलं असेल तर आगाऊ रक्कम देण्याआधी हे वाचा. आमच्याकडे एका सल्लागार संस्थेनं ही दोन्ही कामं घेतली आणि दोन्हींत फसवलं. संस्थेचं नाव लिहीत नाही. ती नाव बदलून फिरते, पद्धत मात्र बदलत नाही.

गळाला लावलेलं आमिष म्हणजे प्रमाणपत्रावरचे शब्द: ‘इकाओ प्रमाणित अग्निशामक’. इकाओ म्हणजे संयुक्त राष्ट्रांची आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना. तिचं ॲनेक्स १४ (विमानतळांची मानकं) आणि दस्तऐवज ९१३७ चा पहिला भाग (बचाव आणि अग्निशमनाची मार्गदर्शिका) यांवरच हे सगळं क्षेत्र चालतं, त्यामुळे जाणकारालाही ते खरं वाटतं. पण इकाओ मानकं ठरवते, अग्निशामकाला परवाना देत नाही. मान्यतेचा अधिकार त्या त्या देशाच्या विमान वाहतूक नियामकाचा. ट्रेनएअर प्लस नावाचा इकाओचा कार्यक्रम आहे, पण तो प्रशिक्षण संस्थांसाठी आहे. यांचं नाव तिथंही नव्हतं आणि नियामकाकडेही नव्हतं. विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘नूतनीकरण चालू आहे.’

आता आगीचं सांगतो, कारण खरी लूट तिथं झाली. ॲनेक्स १४ नुसार दलातल्या माणसांनी प्रत्यक्ष आगीवर सराव करायला हवा आणि त्यात दाबाखाली वाहणाऱ्या इंधनाची आगही हवी. यांनी लोखंडी ट्रेमध्ये थोडं डिझेल ओतून पेटवलं, एकेकाच्या हातात अग्निशामक सिलिंडर दिला आणि फोटो काढले. उरलेला वेळ व्हिडिओ. प्रमाणपत्रावर मात्र छापलं, ‘दाबयुक्त इंधन आग: सराव पूर्ण’.

फरक किती आहे ते बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. ट्रेमधली आग सपाट असते, फोमचा थर पसरला की ती गुदमरते. इंधनाची नळी फुटून जळतं इंधन वरून खाली कोसळत असतं तेव्हा ती धारच फोमचा थर फाडत राहते आणि विझली म्हणून पाठ फिरवली की आग पुन्हा भडकते. तिथं एकानं कोरडी पावडर मारायची आणि त्याच वेळी दुसऱ्यानं खाली साचलेलं इंधन फोमनं झाकायचं, अशी जोडी जमावी लागते. ट्रेपुढे उभं राहून ती जमत नाही. विमानाचं दार बाहेरून उघडण्याचा सराव तर पडद्यावरच उरकला. वर त्यांच्याच सादरीकरणात १९ ऑगस्ट १९८० ची रियाधची दुर्घटना होती! सौदियाचं ते विमान धावपट्टीवर उतरलं होतं, थांबलं होतं, तरी आतली सगळी ३०१ माणसं गेली. बचावपथकाला दार उघडायला फार वेळ लागला होता. हे दाखवून झालं आणि चहाची सुट्टी झाली.

प्रतिसादवेळेच्या चाचणीतली लबाडी जास्त हुशारीची होती. पहिला कॉल आल्यापासून ते पहिली गाडी ठरलेल्या दराच्या निदान ५० टक्के दरानं फोम मारू शकेल अशा जागी येईपर्यंतचा काळ म्हणजे प्रतिसादवेळ. वापरातल्या धावपट्टीवर कुठेही पोचायचं असलं तरी ती ३ मिनिटांवर जाता कामा नये, आणि उद्दिष्ट २ मिनिटांचं. यांनी घड्याळ सुरू केलं ते गाडी शेडबाहेर पडताना. म्हणजे कॉल घेणं, धावत जाणं, कोट चढवणं, इंजिन सुरू करणं हे सगळं हिशेबाबाहेर. आणि थांबवलं ते पुढचं चाक खुणेला लागताक्षणी. आमच्या एका ड्रायव्हरनं तिथल्या तिथं विचारलं, ‘साहेब, कॉलचा वेळ कुठे गेला?’ त्याला सांगण्यात आलं की आंतरराष्ट्रीय पद्धत हीच असते. अहवालात आकडा अर्थातच देखणा आला.

भांडं फुटलं नियामकाच्या तपासणीत. निरीक्षकांनी प्रमाणपत्रं बाजूला सारली आणि नोंदवही मागितली: कुणी, कोणत्या तारखेला, कशावर सराव केला, किती इंधन जाळलं, शिकवणाऱ्याची स्वतःची पात्रता काय. नोंदवही नव्हतीच. मग अहवाल उघडला. आमची धावपट्टी १४-३२ (हे आकडे धावपट्टीची दिशा सांगतात), आणि आपत्कालीन आराखड्याच्या प्रकरणात पानंच्या पानं ०९-२७ ची! दुसऱ्या कुणाचा अहवाल तसाच उतरवलेला.

त्याहून वाईट म्हणजे अग्निशमनाचा वर्ग ६ दाखवला होता. हा वर्ग येणाऱ्या विमानांच्या आकारावरून ठरतो आणि किती पाणी-फोम ठेवायचा ते त्यावरून ठरतं. आमच्याकडे एअरबस ए३२१ विमान येतं. त्याची लांबी ४४.५ मीटर, म्हणजे ३९ ते ४९ मीटरच्या गटात, वर्ग ७. सर्वाधिक गर्दीच्या सलग तीन महिन्यांत त्या विमानांची उड्डाणं आणि अवतरणं मिळून ७०० च्या वर जात होती, त्यामुळे एक वर्ग खाली येण्याची सवलतही लागू नव्हती. ब पातळीच्या (फोमच्या कार्यक्षमतेची एक श्रेणी) फोमसाठी वर्ग ६ ला ७,९०० लिटर पाणी लागतं, वर्ग ७ ला १२,१००. खर्च वाचवणारा आकडा वरच्यांना आवडतो, हे असल्या सल्लागारांना पक्कं ठाऊक असतं.

उरलेलं बिल आम्ही रोखलं. आगाऊ रक्कम अजून परत आलेली नाही, पत्रव्यवहार चालू आहे. दलाला नंतर नियामकमान्य केंद्रावर पाठवून सगळा सराव पुन्हा करून घेतला. नव्या करारात शेवटचा हप्ता नियामकानं सरावाच्या नोंदी स्वीकारल्यावरच द्यायचा, असं कलम घातलं आहे.

हीच मंडळी आता नवं नाव लावून फ्लोरिनमुक्त फोमचा ‘बदल सल्ला’ विकत फिरताहेत, आणि अहवालात सुचवलेला फोम पुरवणारेही तेच असतात. आले तर जुन्या फोमच्या टाक्या आणि नळ्या कशा धुणार, ते पीफासयुक्त (जुन्या फोममधली, निसर्गात न विरणारी फ्लोरिनयुक्त रसायनं असलेलं) पाणी कुठे देणार, नवा फोम जास्त घट्ट असल्यानं आमच्या गाडीतला प्रपोर्शनर (पाण्यात फोम मिसळणारं यंत्र) मिश्रणाचं प्रमाण बरोबर राखतो की नाही ते कसं मोजून दाखवणार, हे विचारा. ‘जुन्यातच नवा ओता, चालतं’ असं म्हणाले तर तिथूनच निरोप द्या.