‘पूर्वजांच्या आठवणी’ सांगणारा डीएनए रिपोर्ट: अर्धा वाचण्यासारखा, अर्धा घेऊ नका

कंपनीचं नाव टाकत नाहीये, कारण मला एका कंपनीशी भांडायचं नाही, या प्रकाराबद्दल बोलायचंय. नळीत थुंकी भरून पाठवायची, मग काही आठवड्यांनी ॲपवर रिपोर्ट येतो, पूर्वज साधारण कुठल्या भागातले, दूध पचतं की नाही वगैरे नेहमीचं. त्यावर जादा पैसे भरले की ‘वारशाने आलेल्या आठवणी आणि भीती’ नावाचा वेगळा भाग उघडतो आणि एका सल्लागाराबरोबर व्हिडिओ कॉल मिळतो. हा रिव्ह्यू त्या जादा भागाचा आहे. पाचपैकी दोन स्टार.

ते दोन स्टार कशाला ते आधी सांगते. सुरुवातीची पानं उपजत वर्तनावर आहेत आणि ती मनापासून आवडली. कोकिळेचं पिल्लू कावळ्यांच्या घरट्यात वाढतं, कावळेच त्याला भरवतात, तरी मोठं झालं की ते कोकिळेसारखंच गातं. मोनार्क फुलपाखरं मेक्सिकोतल्या ठरावीक डोंगरांवर हिवाळा काढायला जातात, आणि जी पोचतात त्यातलं एकही आधी तिथे गेलेलं नसतं, गेली होती ती त्यांची पणजी-खापरपणजी. नुकतं जन्मलेलं बाळ तळहातावर बोट ठेवलं की घट्ट पकडतं, गालाला काही लागलं की तोंड तिकडे वळवतं, कुणी शिकवलेलं नसतं. म्हणजे वागणं वारशाने येतं यात शंकाच नाही, आणि मला विचाराल तर हेच एवढं थक्क करणारं आहे की त्यात अजून काही मिसळायची गरजच नव्हती.

पण पुढच्या पानापासून ‘उपजत वागणं’ आणि ‘आठवण’ हे दोन्ही एकच असल्यासारखं लिहिलंय आणि इथेच सगळं बिघडतं. ब्लॅककॅप नावाचा युरोपातला छोटा पक्षी घ्या, त्याचे काही थवे थंडीआधी नैर्ऋत्येकडे जातात, काही आग्नेयेकडे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जर्मनीत दोन्हीकडच्या पक्ष्यांचा संकर केला, पिल्लं माणसांनी हाताने वाढवली, तर त्या पिल्लांनी धरली मधली दिशा, साधारण दक्षिण! आता सांगा, ही आठवण कुणाची? आईकडचे दक्षिणेला जाणारे नाहीत, बाबांकडचेही नाहीत. जीन्समधून आली ती कल, रोख, एक तयारी, अमक्या पूर्वजाने केलेला अमका प्रवास नाही. हे एक उदाहरण डोक्यात ठेवून रिपोर्ट वाचला ना की अर्धी पानं आपोआप गळून पडतात.

मला पाण्याची भीती वाटते हे मी फॉर्ममध्ये भरलं होतं. रिपोर्टमध्ये आलं, ‘आईच्या बाजूच्या चौथ्या पिढीत पाण्यात घडलेल्या दुर्घटनेची स्मृती’. चौथी पिढी! पणजीच्या पातळीवर प्रत्येकाचे ८ पूर्वज, दहा पिढ्या मागे गेलं तर १०२४ जागा भरायच्या, त्यातल्या एकाच्या एका दिवसाची गोष्ट थुंकीतून वाचता येते म्हणे. ही टेस्ट डीएनएमधल्या ठरावीक काही लाख जागांवरची अक्षरं तपासते, बस. एखादा प्रसंग तिथे लिहिलेला नसतो. आठवण मेंदूतल्या पेशींच्या जोडण्यांमध्ये असते आणि त्या जोडण्या बीजात, म्हणजे शुक्राणू किंवा स्त्रीबीजात, उतरवायचा रस्ता कुणालाही सापडलेला नाही.

पुरावा म्हणून त्यांनी उंदरांचा तो प्रसिद्ध प्रयोग दिलाय, २०१४ चा, अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातला. नर उंदरांना ॲसिटोफिनोन नावाचा वास देताना शॉक दिला, तर त्यांची पिल्लं आणि नातवंडंसुद्धा त्या वासाला जास्त दचकायला लागली. प्रयोग खरंच झालाय आणि मला तो महत्त्वाचाही वाटतो. पण नीट बघा, पिल्लांना शॉक आठवत नव्हता, त्या एका वासाबद्दलची संवेदनशीलता वाढली होती. शिवाय त्याच वर्षी एका संशोधकाने, निकाल संशय यावा इतके सगळे एकाच बाजूचे आलेत, असा आकडेवारीवरचा आक्षेप छापला होता, तो रिपोर्टमध्ये कुठेच नाही. आणि माझा सर्वात मोठा मुद्दा, असा वारसा असलाच तर तो डीएनएच्या अक्षरांत नाही, त्यांच्यावरच्या रासायनिक खुणांमध्ये किंवा बीजातल्या इतर रेणूंमध्ये असणार, आणि सस्तन प्राण्यांत त्या खुणा बहुतेक सगळ्या पुढची पिढी घडताना पुसल्या जातात. या किटमध्ये त्या खुणा मोजतच नाहीत! म्हणजे ज्या गोष्टीचा पुरावा देताय ती गोष्ट तुम्ही तपासलेलीच नाही.

१९४४-४५ च्या हॉलंडमधल्या दुष्काळाचाही उल्लेख आहे, पण तिथे मुलं आईच्या पोटात असताना स्वतः उपाशी राहिली होती, त्याला पूर्वजांची आठवण कसं म्हणायचं? आणि शिकलेलं पुढच्या पिढीत आपोआप उतरतं ही आशा काही नवी नाही हेही सांगायला हवं होतं. मॅकडूगल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात उंदरांना पाण्याच्या टाकीतून योग्य वाटेने बाहेर पडायला शिकवलं आणि पिढ्यानपिढ्या चुका कमी होताहेत असं दाखवलं. मग मेलबर्नमध्ये अगार यांनी तोच प्रयोग जवळपास २० वर्षं केला, सोबत न शिकवलेल्या उंदरांचं वेगळं घराणंही ठेवलं, तर त्या घराण्यातही तसेच चढउतार दिसले, म्हणजे तो शिकवण्याचा वारसा नव्हता.

घरात सगळ्यांना एकच भीती का, याचं जास्त पटणारं उत्तर माकडांवरच्या १९८० च्या दशकातल्या कामात आहे. प्रयोगशाळेत वाढलेली माकडं सापाला घाबरत नव्हती. दुसरं माकड सापाला घाबरतंय असा व्हिडिओ दाखवला की लगेच घाबरायला शिकली, पण तोच व्हिडिओ कापून-जोडून फुलाला घाबरतंय असं दाखवलं तर शिकली नाहीत. काही भीती पटकन शिकायची तयारी आपण घेऊन येतो आणि बाकीचं शेजारच्याचा चेहरा बघून शिकतो. माझी आई पाण्याजवळ कधी गेली नाही, मला हात धरून मागे ओढायची, यासाठी चौथी पिढी कशाला लागते.

व्हिडिओ कॉलने मात्र मला खरंच राग आला. सल्लागार गोड बोलत होत्या पण म्हणाल्या, ही भीती तुमची नाहीच, तिच्याशी लढू नका, आधी पूर्वजांना मोकळं करा, त्याची सेशन्स वेगळी. अहो, ठरावीक गोष्टीच्या भीतीवर उपचार आहेत, मानसतज्ज्ञाच्या मदतीने थोडं थोडं सामोरं जायचं, आणि बऱ्याच लोकांना त्याचा चांगला फायदा होतो. माणसाला त्यापासून लांब ठेवणं हे नुकसानच आहे. आणि ज्यांच्या घरात खरोखर कुणी बुडून गेलंय त्यांनी हे वाचलं तर काय वाटेल हो, याचा विचार कुणी केलेला दिसत नाही.

तर घ्यायचाच असेल तर साधा रिपोर्ट घ्या, जादा भाग सोडा, आणि फॉर्ममध्ये स्वतःच्या भीतीबद्दल काही लिहू नका, मग त्यांना काय सापडतं ते बघा. मी कंपनीला लिहून विचारलंय की चौथ्या पिढीचा निष्कर्ष डीएनएच्या नेमक्या कुठल्या जागेवरून काढला. उत्तर आलं तर इथेच खाली टाकते.