कॉलेजची वेबसाइट नवी करून घेताय? आधी हे वाचा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शिक्षणसंस्थांना सध्या एकच घोर लागलाय: पहिल्या वर्षाचे वर्ग भरायचे कसे. त्या घोरावर जगणारी मंडळीही आता तयार झालीत. 'वेबसाइट नवी करून देतो, ॲडमिशन वाढवून देतो' म्हणत ती दारात येतात. आमच्याकडं आली, उद्या तुमच्याकडं येतील.

मी संस्थेचं ऑफिस सांभाळतो. आमची जुनी वेबसाइट टाकाऊ होती, हे खरंच. संचालक मंडळापुढं त्या कंपनीच्या माणसानं लॅपटॉप उघडला: ड्रोनमधून दिसणारी हिरवळ, हसरी गोरीगोमटी मुलं, गोल घुमटाचं ग्रंथालय. आमचं ग्रंथालय पत्र्याखाली आहे. "हे कुठलं हो?" असं एका ज्येष्ठ संचालकांनी विचारलंसुद्धा. "सर, फोटो नंतर बदलू." वर गूगलवर पहिल्या नंबराची गॅरंटी. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलनंच लिहून ठेवलंय. पण भरलेले वर्ग डोळ्यांपुढं दिसायला लागल्यावर कोण वाचतंय! निम्मे पैसे आगाऊ गेले.

साइट देखणी झाली. पण कणकुंबी-जांबोटीकडं नेटवर्कची बोंब. तो व्हिडिओ उघडेपर्यंत पोरगं कंटाळून निघून जाणार. त्याला हवं असतं काय? फी किती, हॉस्टेल आहे का, बस कितीची, स्कॉलरशिप मिळते का. चंदगड-गडहिंग्लजच्या मुलांना आणखी एक प्रश्न असतो: बारावी महाराष्ट्र बोर्डाची, तर इथं कर्नाटकात एलिजिबिलिटीला (प्रवेशाच्या पात्रतेला) कागद काय काय लागतात? यातलं काहीच पहिल्या पानावर नव्हतं. होता फक्त मोठा लाल चौकोन: 'नाव आणि मोबाइल नंबर भरा, आम्ही फोन करतो.'

रिझल्ट लागले आणि एक दिवस एक आई ऑफिसात येऊन तणतणली. "तुमच्या साइटवर नंबर दिला आणि दिवसभर बेंगळुरूचे फोन! आम्ही विचारलं होतं तुमच्या बी.कॉम.चं."

त्या संध्याकाळी तो फॉर्म मीच भरला. आडनाव असं रचलं की अख्ख्या जिल्ह्यात सापडू नये, आणि नंबर घरात पडलेल्या एका सिमचा, जो कुणालाच दिलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. पलीकडच्या बाईंनी माझं ते रचलेलं आडनाव अगदी आदरानं घेतलं आणि विचारलं, "सर, बीबीएला डायरेक्ट सीट आहे, हॉस्टेलसकट. मुलाला कधी आणताय?" ते आडनाव त्या लाल चौकोनाबाहेर कुठंच नव्हतं.

भरलेला फॉर्म आधी कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये जायचा, आमच्या ईमेलवर मागाहून यादी यायची, तीही गाळलेली. या धंद्यात अशा नंबराला 'लीड' म्हणतात आणि तो विकला जातो. म्हणजे आपलीच मुलं दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडायला आम्ही पैसे मोजत होतो.

जाब विचारला, तर उत्तर आलं, "आधी बाकी भरा, मग पासवर्ड देऊ." बाकी दिली नाही. लगेच साइटच्या जागी पांढरं पान आलं: 'धिस अकाउंट हॅज बीन सस्पेंडेड.' ऐन ॲडमिशनच्या दिवसांत, आणि माहितीपत्रकावर पत्ता तोच छापलेला.

डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कुणाच्या नावावर, ते पाहिलं, तर कंपनीच्याच. '.edu.in'ला कागदपत्रांचा ताप असतो, असं सांगून त्यांनी '.com' घेतलं होतं. '.edu.in' आणि '.ac.in' ही नावं 'अर्नेट इंडिया' या सरकारी संस्थेकडून मिळतात. संस्थेची कागदपत्रं द्यावी लागतात खरी, पण म्हणूनच ती उपऱ्याच्या नावावर जाणं अवघड. आम्ही आता '.edu.in' घेतलंय. साइट साधी आहे. फी आणि एलिजिबिलिटीचे कागद पहिल्याच पानावर.

सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांच्या) पोलीस ठाण्यात अर्ज दिलाय. वकिलांनी आयटी कायद्याचं कलम ७२अ दाखवलं: कराराखाली हाती आलेली खासगी माहिती त्या माणसाच्या संमतीशिवाय किंवा करार मोडून, कुणाच्या गैरफायद्यासाठी वा नुकसानीसाठी उघड केली तर गुन्हा. पण आमच्या करारात फॉर्ममधल्या माहितीबद्दल अवाक्षर नाही, त्यामुळं करार मोडला असं दाखवता येईना. तुम्ही सही कराल तेव्हा डोमेन संस्थेच्या नावावर, होस्टिंगचा (साइट जिथं ठेवलेली असते त्या जागेचा) पासवर्ड संस्थेकडं, फॉर्मची माहिती फक्त संस्थेच्या ईमेलवर आणि ती तिसऱ्याला देता येणार नाही, एवढं लिहून घ्या. लिहून देताना जो कुरकुरेल त्याला चहा पाजून वाटेला लावा.

कंपनीचं परवाच पत्र आलं. जुनं नाव परत हवं असेल तर त्याचा दर वेगळा. चेअरमननी ते पत्र वकिलांकडं पाठवलंय.